उद्या किती लाद्या?

नाही, म्हणजे पाव वाईट असता त गोष्ट वेगळी होती ना जी! वाईट पाव लोकं चार दिवस तोंडदेखलं घेतात, पाचव्या दिवशी बंद, मंग ओव्हनवर फडकं टाका, फडक्यावर फुलदाणी ठेवा, झाला माणूस मोकळा! पण पाव चांगला आहे, तेच त दुखणं आहे! मऊ, हलका, वरून तांबूस, बोटानं दाबला का बसते, बोट काढलं का उठते... मी रोज सकाळी पाच वाजता दाबून पाहतो, राजेहो, या आशेनं का आज तरी नाही उठणार. उठते! रोज उठते! आणि त्याच्या आधी मले उठा लागते!

तुम्हाले सांगतो, मी प्रेमानंद गजभिये, बसच्या डेपोत एकतीस वर्षं, शेवटची बारा वर्षं कंट्रोलर. म्हणजे तो खिडकीमागं बसलेला माणूस, ज्याले तुम्ही जाळीत तोंड घालून विचारता, 'साहेब, उमरेड कवा लागन?' आणि तो मान वर न करता सांगते, 'लागन.' तो मी! कवा लागन, कुठी लागन, लागन का नाही लागन, साऱ्याले एकच उत्तर. बारा वर्षं लोकाईनं मले आकडा विचारला आणि मी कोणाले आकडा दिला नाही... आणि आता साठाव्या वर्षी माह्याच घरात, माह्याच खुर्चीसमोर, एक बाई रोज सायंकाळी सात वाजता मैद्याचा डबा घेऊन उभी राहते आणि विचारते, 'अजी... उद्या किती?'

ती बाई म्हणजे माही बायको, कौसल्या. तिचं नंतर सांगतो. आधी दुसऱ्या बाईचं ऐका.

रिटायर झालो तवा मी दोनच कामं ठरवली होती. एक, नऊ वाजेपर्यंत झोपाचं. दोन, बाईकडं जायाचं. बाई म्हणजे माही मोठी बहीण, पार्वतीबाई, कामठीले राहते. माय गेली तवा मी सात वर्षांचा, ती अठराची. विणकराच्या घरी कांड्या भरल्या तिनं, सूत गुंडाळून गुंडाळून बोटाची सालटी निघाली, पण मले मॅट्रिक केलं. लग्न झालं त सासरी मलेही घेऊन गेली! भाऊ संगं घेऊन सासरी जाणारी नवरी पाहिली का तुम्ही कधी? मी पाहिली, मी तिचं बोट धरून होतो. आता एकटीच आहे, एकाहत्तर वर्षांची, गुडघे गेले. फोन करते, 'प्रेमा, ये ना गा. दोन दिवस राह्य. पाटोडीचा रस्सा करते.' आणि नागपुरातल्या सदरच्या मागच्या आमच्या गल्लीतून कामठी किती दूर? पंधरा किलोमीटर! शेअर ऑटोत पाऊण तास! लोकं अमेरिकेतून येऊन, जेवून, आंघोळ करून परत जातात जी! आणि मी चवदा महिने गेलो नाही. काहून? पाव!

झालं असं का कौसल्याच्या बचत गटाले कोणीतरी पंधरा दिवसाचं बेकरीचं प्रशिक्षण दिलं. बाकीच्या बाया गेल्या, बिस्किटं खाल्ली, सर्टिफिकेट घेतलं, फोटो काढला, घरी आल्या. शहाण्या बाया! आमचीनं काय केलं? शिकून आली! बिसीतून, म्हणजे भिशीच्या पैशातून, ओव्हन घेतला, आणि पहिल्या दिवशी एक लादी काढली. लादी म्हणजे कसं, सहा पाव एकमेकाले चिकटलेले, असा चौकोन. गल्लीत वाटली. मी म्हटलं, वाटू दे, हौस आहे, आठ दिवसांत फिटन. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता दारावर थाप... आमच्या समोरच्या शोभाताई. 'कौसल्या, अजून आहे का वं?' बस! तिथून माही निवृत्ती संपली!

आता तुम्ही म्हणान, पाव ती करते, तुम्हाले काय त्रास? हेच! हेच मलेही वाटत होतं! पण पावाचं कसं आहे, सायंकाळी मैदा मोजून भिजवून ठेवा लागते, तवा सकाळी त्याचा पाव होते. म्हणजे उद्या सकाळी गल्लीले किती भूक लागन हे आज सायंकाळी सातले सांगा लागते! हे कोणी सांगू शकते का? माह्या स्वतःच्या पोटाले उद्या किती भूक लागन हे मले माहीत नाही, आणि मी अख्ख्या गल्लीचं पोट सांगू? पण कौसल्या म्हणते, 'तुम्ही इतकी वर्षं बसा सोडल्या ना, कुठं किती लोकं, कोणत्या दिवशी गर्दी, सारा हिशेब तुमच्या डोक्यात होता. सांगा. उद्या किती?'

मी म्हटलं, 'लागन तेवढ्या.'

'किती लागन?'

राजेहो, त्या दिवशी मले समजलं का खिडकीच्या त्या बाजूले उभ्या माणसाले काय वाटत असन.

मंग मी तोंडाले आलं ते बोललो. चाळीस! पहिल्या दिवशी चाळीस लाद्या. गेल्या किती? सव्वीस. उरल्या चवदा. चवदा गुणिले सहा, चौऱ्याऐंशी पाव, आणि घरी माणसं दोन! सकाळी चहा-पाव, दुपारी पाव-भाजी, चारले पावाचे भजे, सायंकाळी पावाचा उपमा, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्याचा चुरा करून त्याचे लाडू! आमचा पोरगा धम्मदीप पुण्यात नोकरी करते, व्हिडिओ कॉलवर पाहून म्हणते, 'बाबा, तुमचा चेहरा फुगल्यासारखा दिसून राहिला.' मी म्हटलं, फुगन नाही त काय, यीस्ट आहे अंगात!

दुसऱ्या दिवशी सांगितल्या पंचवीस. साडेसात वाजता संपल्या! लोकं दारात उभे! 'म्हणजे? आम्ही काय करावं?' 'पोट्ट्याच्या डब्यात काय देऊ?' अशा नजरेनं पाहून राहिले जशी काही मी शेवटची गाडी सोडून दिली! म्हणजे मी चाळीस सांगितल्या का गल्लीले उपास, आणि पंचवीस सांगितल्या का गल्ली राक्षस!

तुम्ही म्हणान, आधीच विचारून घ्या ना लोकाईले. विचारलं ना जी! शोभाताईले विचारलं, 'ताई, उद्या किती ठेवू?' त म्हणे, 'पाहू ना भाऊ, लागन त सांगते.' शेजारच्या मधुसूदनरावांना विचारलं, ते महालेखाकार ऑफिसातून रिटायर झालेले, त्यांचं बोलणं असं इस्त्री केलेलं, 'हे पहा प्रेमानंदराव, आत्ताच निश्चित असं काही सांगता येणार नाही. उद्याचं उद्या.' अहो, उद्याचं उद्या चालत असतं त मी कामठीले नसतो का बसलो, पाटोडीच्या रश्श्यात? आमच्या गल्लीत एक रीत आहे, आधी सांगणं म्हणजे आपण बांधले गेलो. लग्नाले येतो म्हणून कोणी सांगत नाही, आणि जेवाले मात्र घरची सारी पंगतीत बसतात!

मंग मी काय केलं, डेपोचा माणूस शेवटी, निरीक्षण सुरू केलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मांडीवर घेतलं. सोमवार, शंकराचा उपास, सहा कमी. गुरुवार, आठ कमी. शनिवार, मारुती, चार कमी. पौर्णिमेले आमच्यावाले विहारात जातात, घरी खीर करतात, पाच कमी. मार्गशीर्षातला गुरुवार आला का मैद्याच्या डब्याले हातच नाही लावाचा. पाऊस लागला का भजे, भजे म्हणजे पाव, दहा जास्त. मॅच असली का बारा जास्त, पण हरून राहिले असले त दुसऱ्या दिवशी चार कमी, कारण लोकाईचं तोंड कडू! अधिवेशनाच्या दिवसांत त विचारूच नका! सारी विधानसभा नागपुरात, चौकाचौकात बंदोबस्त, मोर्चे, चहाच्या टपऱ्या भरून वाहून राहिल्या, आणि मी पेपरात काय वाचत होतो? मोर्चा कोणाचा आहे, कशासाठी आहे, मले काही घेणं नाही... किती लाद्यांचा आहे, तेवढंच! आणि त्याच आठवड्यात बाईकडं जायाचं ठरलं होतं. राहिलं!

उन्हाळ्यात ठरवलं. मी पिशवी भरली, आणि नवतपा सुरू झाला. सेहेचाळीस डिग्री! मैदा भिजवून मी नुसतं तोंड धुवाले गेलो, आलो त पातेल्यावरचं झाकण वर उचललेलं, आणि पीठ पातेल्याच्या बाहेर पाय टाकून राहिलं! बाहेर निघाले माह्याआधी ते तयार! कौसल्या ओरडते, 'अजी, पकडा!' मी इकडून दाबतो त तिकडून फुगते. शेवटी आमचा जो एकुलता एक कूलर आहे ना, तो पिठासमोर लावला. नऊ दिवस, राजेहो! नऊ दिवस पीठ कूलरसमोर आणि मी गच्चीखाली, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन! बाईचा फोन आला, 'निघाला का गा?' मी म्हटलं, 'बाई, पीठ आलं.' ती म्हणे, 'कोण आलं?'

मंग मी एक डाव खेळलो. खोटं काहून बोलू, मुद्दाम खेळलो. म्हटलं, आकडा कमी सांगू. वीस! लोकाईले मिळणार नाही, चिडतीन, दुसरीकडं जातीन, धंदा आपोआप बंद! रोज सायंकाळी 'उद्या किती?' 'वीस.' 'उद्या किती?' 'वीस.' चार दिवसांत काय झालं? गल्लीत बातमी पसरली, कौसल्याचा पाव मिळतच नाही, लवकर जा! पाच वाजता रांग! धरमपेठेतून स्कुटरवर लोकं यायाले लागले! धरमपेठेत पावाची कमी आहे का जी? तिथं पावाले इंग्रजीत नाव देऊन खातात! पण नाही, 'संपते' म्हणून ऐकलं ना, मंग तोच पाहिजे! झाले वीसचे पन्नास. आणि मी? मी त्या ओव्हनच्या मागं असा, जसा काही लादीतला मधला पाव... तिन्ही बाजूनं चिकटलेला!

आता या पन्नासचा नेम धरायचा म्हणजे नुसत्या कॅलेंडरवर भागत नव्हतं. कोणाच्या घरी काय चाललं आहे हे माहीत पाहिजे! कोणाचं सिलिंडर संपलं, कोणाची बायको माहेरी गेली, कोणाच्या घरी पाहुणे... मी साठ वर्षांचा माणूस, खिडकीत उभा राहून दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचे आवाज ऐकून राहिलो! आणि सारं एका कागदावर लिहून ठेवत होतो, डेपोत कसा चार्ट असते, तसा रकाने पाडून. नाव, वार, लाद्या, आणि शेवटचा रकाना, कारण. कारणाशिवाय आकडा मले सहन होत नाही, ती सवय आहे.

त्या कागदावर काय होतं, सांगू का? आता सांगाले काय हरकत आहे, साऱ्याईले माहीत झालं! शोभाताई, गुरुवार, एक लादी, कारण: उपास आहे म्हणून मागच्या दारानं. शोभाताईची सून, गुरुवार, एक लादी, कारण: सासू सांगते सुनेनं मागितली. मधुसूदनराव, रोज दोन पाव, कारण: डॉक्टरनं मैदा बंद केला, पेपरात गुंडाळून देणे, नीलाताईले सांगू नये. त्याच्याच खाली, नीलाताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, रोज दोन पाव, कारण: मधुसूदनरावांना सांगू नये! कोपऱ्यावरचे ऋषी आणि मुग्धा, नवीन लग्न, दोघंही नोकरीवाले, आठवड्यातून तीनदा एक लादी, कारण: भांडण, स्वयंपाक नाही.

तर हा कागद. आणि मागच्या महिन्यात, बुधवारी... बाईचा फोन आला. या वेळी ये म्हणाली नाही, राजेहो. म्हणे, 'प्रेमा, तुले काम असते ते समजते मले. आता मी बोलावत नाही. तू बरा आहेस ना?' बस, एवढंच. फोन ठेवला. मी ताट बाजूले सारलं. कौसल्यानं पाहिलं. कौसल्या वाईट बाई नाही जी, पाव चांगला करते एवढाच तिचा दोष. ती म्हणाली, 'तुम्ही जा उद्या. दोन दिवस राहा. फक्त दोन दिवसाचे आकडे कारणासकट देऊन जा.' मी रात्रीतून तयारी केली, पिशवीत सदरा टाकला, बाईसाठी गुडघ्याचं तेल घेतलं, आणि सकाळी पावाची विक्री आटोपून गुरुवारी अकरा वाजता शेअर ऑटोत बसलो! बसलो म्हणजे खरंच बसलो! ड्रायव्हरच्या बाजूले अर्धा आत, अर्धा बाहेर, पण सुटलो! कडबी चौक गेला, इंदोरा गेला, वारा लागून राहिला, मी गाणं म्हणून राहिलो... आणि खिशात हात घातला. कागद! चार्ट माह्याच खिशात!

घाबरलो नाही. आजकाल काय, फोटो काढाचा आणि पाठवाचा. ऑटो हलून राहिला, माहा हात हलून राहिला, फोटो मात्र असा स्वच्छ आला, एक एक अक्षर वाचून घ्या! आणि पाठवला कौसल्याले. कौसल्याच्या नावासमोर पावाचा फोटो आहे. आणि तिनं गिऱ्हाइकांचा जो ग्रुप काढला आहे ना, 'कौसल्या बेकरी', त्रेसष्ट लोकं, त्याच्यासमोरही... तोच पावाचा फोटो.

पाठवला आणि खाली अजून लिहिलं, 'हे कोणाले दाखवू नको.'

ऑटोमोटिव्ह चौक आला. पहिला फोन शोभाताईचा. उचलला नाही. दुसरा मधुसूदनरावांचा. तिसरा, ज्या नंबरले नाव नाही तो. चौथा कौसल्याचा. ती काही ओरडली नाही. एकदम हळू आवाजात म्हणाली, 'अजी, तुम्ही काय पाठवलं? या. गल्ली दारात आहे.' मी ड्रायव्हरले म्हटलं, 'भाऊ, रोक दे.' तो म्हणे, 'चाचा, कामठी बोले थे ना?' मी म्हटलं, 'बोले थे, बेटा. चौदा महीने से बोल रहे है.'

परत येताना, तुम्हाले खरं सांगतो, भीती वाटत होती, पण आत कुठंतरी गुदगुल्याही होऊन राहिल्या. म्हटलं, झालं! आता मार पडन, शिव्या पडतीन, गल्ली आपल्या घरचा पाव टाकून देईन, ओव्हनवर फडकं, फडक्यावर फुलदाणी, आणि मी कामठीले! दोन दिवस काय, दोन महिने! अपमान सहन करू, पण सुटू!

गल्लीत शिरलो. सारे उभे. हातात मोबाईल. शोभाताई पुढं आल्या, कमरेले पदर खोचलेला. 'प्रेमानंदभाऊ, हे काय लिहिलं तुम्ही?' मी मान खाली घातली. 'गुरुवारची दुसरी लादी सुनेच्या नावावर काहून टाकली? ती मले मघापासून बोलून राहिली! दोन्ही लाद्या माह्या आहेत! बरोबर लिहा ते!'

मी वर पाहिलं. म्हटलं, 'काय?'

'दोन लिहा! आणि आता काय मागचं दार, पुढूनच नेईन, साऱ्या दुनियेले त माहीत झालं!'

मधुसूदनराव आणि नीलाताई, दोघं एकमेकांकडं पाहून राहिले. चाळीस वर्षांचा संसार, आणि असे पाहून राहिले जसे काही पहिल्यांदा भेटले. 'म्हणजे... तुम्हीही?' 'म्हणजे तूसुद्धा, नीला?' मले वाटलं, आता फुटते इथं. त नीलाताई लाजल्या जी! म्हणे, 'अहो, मी एकटी मोरीत उभी राहून खात होते.' आणि मधुसूदनराव माह्याकडं वळून, इस्त्री थोडी विस्कटली होती, 'प्रेमानंदराव, आमची ती दोन टिपणं रद्द समजा. एकत्र लिहा. रोज एक लादी. बसून खाऊ.' मुग्धा म्हणे, 'काका, आमचं तीनदा नाही, चारदा. रविवारचं तुम्ही पकडलंच नाही, ते आम्ही हळू आवाजात करतो.'

आणि साऱ्याच्या मागं अरुंधतीबाई. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहतात, गल्लीच्या शेवटच्या घरात. त्या म्हणे, 'गजभिये, माझं नाव नाही यात.' मी म्हटलं, 'बाई, तुम्ही पाव खात नाही ना, साखर आहे तुम्हाले.' त्या म्हणे, 'ते मला माहीत आहे. सगळ्या गल्लीचं लिहिलंय, माझंही लिहा. शून्य लिहा... पण लिहा.'

आता सांगा, कोणावर चिडावं माणसानं? मी तिथंच ओट्यावर बसलो, पेन काढला आणि लिहिलं. अरुंधतीबाई, रोज, शून्य. कारण... कारणाचा रकाना रिकामा सोडला.

त्या दिवसापासून, राजेहो, जी गल्ली 'पाहू, लागन त सांगतो' म्हणत होती, ती रोज सायंकाळी पाच वाजता ओट्यावर येऊन आपआपले आकडे लिहून देते! 'भाऊ, उद्या आमच्याकडं मावशी येऊन राहिली, एक वाढवा.' 'काका, उद्या भांडण नाही, कटवा.' अरुंधतीबाई रोज येतात, म्हणतात, 'उद्या शून्य,' आणि अर्धा तास बसतात. एक पाव उरत नाही, एक माणूस परत जात नाही! आणि कौसल्यानं तो चार्ट लॅमिनेट करून दारावर लावला! म्हणे, 'आता कसं मस्त बसलं! फक्त तुम्ही कुठी जाऊ नका जी, लोकं तुमच्याजवळच सांगतात, मले नाही सांगत.' म्हणजे आधी माणूस अडकला होता कारण आकडा बरोबर नव्हता. आता आकडा बरोबर आहे, आणि माणूस लॅमिनेट!

आणि बाई? त्या गुरुवारी बाईनं पाटोडी करून ठेवली होती. मी अर्ध्या रस्त्यातून परतलो हे तिले फोनवर सांगाची माही हिंमत झाली नाही, कौसल्यानं सांगितलं. सारं सांगितलं, चार्टसकट. बाई खूप हसली म्हणे. मंग शनिवारी सकाळी तिचा मले फोन. 'प्रेमा, तुह्या कागदावर साऱ्या गल्लीचं नाव आहे म्हणते.'

म्हटलं, 'हो बाई.'

'माहं आहे का?'

तुम्हाले सांगतो, डेपोत लोकाईनं कॉलर धरली माही, मी डगमगलो नाही. पण या तीन शब्दाईनं डगमगलो. जिनं बोटाची सालटी काढून मले अक्षर शिकवलं, त्या अक्षरानं मी शून्यवाल्याचंही नाव लिहिलं, आणि तिचंच राहिलं. त तीच म्हणाली, 'लिही मंग. पार्वतीबाई, कामठी, रविवार, दोन लाद्या. घरपोच. कारण काही लिहू नको.'

आणि मी गेलो! दुसऱ्या दिवशी! कौसल्या एका शब्दानं नाही बोलली, ऑर्डर आहे म्हटल्यावर काय बोलन, उलट लाद्या स्वतः फडक्यात बांधून दिल्या! चवदा महिने भाऊ म्हणून सुट्टी नाही भेटली, पाव पोचवणारा म्हणून एका मिनिटात भेटली! बाई दारातच उभी होती, गुडघा धरून. मले पाहिलं, पावाकडं नाही पाहिलं. तोंडावरून हात फिरवला, म्हणे, 'वाळला गा.' मी वाळलो? चेहरा फुगून पावासारखा झाला, आणि बहीण म्हणते वाळला! पाटोडीचा रस्सा, त्याच्यात तोच पाव बुडवून खाल्ला, आणि पहिल्यांदा समजलं का लोकं काहून मरतात त्याच्यासाठी. मंग खाटेवर आडवा झालो. डोळा लागून राहिला... चवदा महिन्यांतली पहिली झोप जी, दुपारची, बहिणीच्या घरची...

'प्रेमा, उठ गा जरा.'

उठलो. पाहतो त अंगणात सात-आठ बाया. बाई त्याईच्या मधात खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर वही, रकाने पाडलेले! म्हटलं, 'बाई, हे काय वं?' ती म्हणे, 'साऱ्याईले एक एक पाव चाखाले दिला. आता त्याईचे आकडे घे.' म्हटलं, 'अवं, मी तुले भेटाले आलो!' त म्हणते कशी, तशीच शांत, हसूनही नाही, 'भेटाले बोलावलं त चवदा महिने नाही आला. पावाले बोलावलं त दुसऱ्या दिवशी हजर झाला. मंग मी तुले भेटाले काहून बोलावू?'

बोलणारा मी, बारा वर्षं खिडकीत बसून दुनियेले गप्प केलेला... खाटेवरून उतरलो, तिच्या पायाशी बसलो, वही मांडीवर घेतली. बाईनं डोक्यावर हात ठेवला. हात तिथंच ठेवून त्या बायांकडं पाहिलं आणि विचारलं, 'हं, सांगा वं पोरीहो... पुढच्या रविवारी किती?'

एकोणीस लाद्या झाल्या, राजेहो. एकोणीस! आता दर रविवारी शेअर ऑटोत बसतो, दोन सीटा घेतो... एक माही, एक पावाची. आणि ड्रायव्हर आधी पावाले बसवते.